न बसणारी धूळ

अकोला,
२४ नोव्हेंबर १९६३

आदरणीय सर,

सविनय जयभीम.

अमरावतीला आपल्या गणिताच्या वर्गात खिडकीजवळ बसणारा धर्मा देवमन आपल्याला आठवत असेल, तर तो मी. छप्पन सालानंतर नाव धर्मपाल लावतो. मी एकदा एक उदाहरण भलत्याच वाटेनं सोडवलं होतं. मुलं हसली. आपण मात्र उरलेला सगळा तास ती वाट कुठे जाते हे बघण्यात घालवला होता. त्या तासाच्या भरवशावर हे पत्र लिहितो आहे.

सध्या इथल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. घरी आई आणि पत्नी शकुन. शकुन परतवाड्याची, तीही शिक्षिका आहे. वडील मी शाळेत असतानाच गेले. त्यानंतर आईनं, केशरबाईनं, जिनात काम करून मला बी.एस्सी. केलं. जिनात कापसातली सरकी वेगळी होते तेव्हा धूळ किती उडते हे आपल्यासारख्या वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. आईच्या छातीत ती वर्षानुवर्षं गेली आहे. गंमत अशी (गंमत कसली म्हणा), की रविवारी सुटीच्या दिवशी तिला बरं वाटतं आणि सोमवारी कामावर गेली की दम कोंडतो. डॉक्टर दमा म्हणतात. ती म्हणते, "दमा नाई रे, सोमवार हाय तो." या मोसमात शकुननं तिला घरी बसवलं आहे. ती बसली आहे, पण रागानं.

आता कामाचं. आईच्या त्या जिनाच्या कारखान्यात धूळ बसवायची एक खोली बांधताहेत. पंख्यानं धुळीची हवा त्या खोलीत ढकलायची, तिथे ती संथ होईल, धूळ खाली बसेल आणि वरची स्वच्छ हवा पुन्हा जिनात येईल. मॅनेजर खुशालराव भला माणूस आहे. मला रस्त्यात थांबवून म्हणाला, "मास्तर, तुमी सायन्सवाले. बसन का धूळ?" मी म्हटलं, माझ्या सरांना विचारून सांगतो.

मोठा कण लवकर बसतो, बारीक तरंगत राहतो, एवढं पुस्तकात आहे. पण जिनातली धूळ चिकट असते. हवेत कण कणाला चिकटतो, गोळा होतो, गोळ्याला गोळा चिकटतो. मग काही वेळानं हवेत किती सुटे कण उरले, किती दोनांचे गोळे, किती तिनांचे, हे गणितानं काढता येईल का? तसं सूत्र असेल तर कृपा करून कळवावं.

ते येईपर्यंत मी घरी एक खेळ मांडला आहे. एका माठात दोनशे सरक्या टाकल्या, रुईसकट. प्रत्येक सरकी म्हणजे एक कण. आईनं न बघता हात घालून दोन काढायच्या, तळहातावर वळून एक गोळा करायचा आणि परत माठात टाकायचा. असं करत एकूण नग निम्मे, म्हणजे शंभर उरले की थांबायचं आणि कोणत्या गोळ्यात किती सरक्या ते मोजायचं. आईला घरबसल्या हाताला काम मिळालं. शेजारची भागीरथाबाई तिच्याबरोबरच जिनात असते. तिनं विचारलं, "हे काय व केशर?" आई म्हणाली, "पोरगा मास्तर झाला, मले शाळेत घालून राहिला."

आपला नम्र,
धर्मपाल


अमरावती,
११ डिसेंबर १९६३

चि. धर्मपाल यास अनेक आशीर्वाद.

तू आठवतोस. ते उदाहरणही आठवतं. वाट बरोबर होती, तुझं अक्षर वाईट होतं. आता सुधारलं आहे.

तुझं पत्र आल्यापासून मी दुसरं काही केलं नाही असं म्हटलं तरी चालेल. माझी पत्नी अनुपमा गेल्याला तीन वर्षं झाली. संध्याकाळचा वेळ मला खायला उठतो. वर्गात तीच ती गणितं. तू मला फार दिवसांनी खरं काम दिलंस.

सूत्र निघतं, आणि देखणं निघतं. एकच गोष्ट गृहीत धरायची: कोणत्याही दोन नगांची गाठ पडण्याची शक्यता सारखी, मग ते सुटे असोत की गोळे. नग निम्मे उरतील तेव्हा दोनशेंपैकी सुटे पन्नास, दोनांचे गोळे पंचवीस, तिनांचे साडेबारा, चारांचे सव्वासहा. दर पायरीला निम्मे. निसर्गानं एवढी सोपी पायवाट क्वचितच ठेवलेली असते.

तुझा माठाचा खेळ फार चांगला आहे. परदेशात आता असे यदृच्छेचे, म्हणजे निव्वळ योगायोगाचे, खेळ यंत्रांवर खेळतात आणि त्यांचा ताळा सूत्राशी घेतात, असं वाचलं होतं. आपल्याकडे यंत्र नाही, तुझ्या मातोश्री आहेत. खेळ पुष्कळदा खेळा, सरासरी घ्या. ती माझ्या आकड्यांशी जुळली की खेळ खरा आणि सूत्रही खरं. मग खुशालरावांना सांगता येईल.

मातोश्रींना नमस्कार. थंडीत जपायला सांग.

हरिहर


अकोला,
१९ जानेवारी १९६४

आदरणीय सर,

सविनय जयभीम.

खेळ बारा वेळा झाला. जुळत नाही.

सुटे पन्नास यायला हवेत. येतात साठ, बासष्ट, एकोणसाठ. दोनांचे पंचवीस हवेत. अठरा-एकोणीसच्या वर जात नाहीत. आणि एकेक गोळा असा निघतो की त्यात दहा-बारा सरक्या. आपल्या सूत्राप्रमाणे एवढा मोठा गोळा जवळजवळ निघूच नये. मी मोजणी दोनदा तपासली, शकुननं वेगळी केली. आकडे सोबतच्या कागदावर आहेत.

मला वाटतं, आईचा हात निवड करतो. मी तिला म्हटलं, "आई, तू मोठे गोळे हुडकून काढतेस का?"

"मी काहून हुडकू? डोये तं मिटले हायेत माहे."

"मग मोठेच कसे येतात?"

तिनं माठात हात पुन्हा एकदा फिरवून पाहिला. मग म्हणाली, "हलकं हाताले लागतच नाई रे. जड असलं का हात थांबते."

खरं आहे. वळून वळून गोळे घट्ट होतात. आकारात फार फरक राहत नाही, पण वजनात राहतो. लहानपणापासून कापूस वेचलेला हात आहे. भरलेलं बोंड तो न बघता ओळखतो. आता त्याला ते विसरायला कसं सांगू?

खोली सुरू झाली आहे. मी जाऊन पाहिली. पूर्वी सकाळी उन्हाच्या तिरिपीत धुळीचे खांब उभे राहायचे. आता दिसत नाहीत. बायकांनी नाकावरचे पदर सोडले आहेत. भागीरथाबाईनं येऊन आईला सांगितलं, "केशर, हवा आरशावानी झाली व." तेव्हापासून आईचं एकच चालू आहे. मला कामावर जाऊ दे.

आपण सांगा, सर. जायला हरकत नाही ना?

आपला,
धर्मपाल


अमरावती,
५ फेब्रुवारी १९६४

चि. धर्मपाल यास आशीर्वाद.

आकडे पाहिले. दोष स्वच्छ आहे आणि तो तूच शोधलास. यदृच्छा म्हणजे यदृच्छा. तिथे हाताला आवडनिवड असून चालत नाही. मातोश्रींच्या हाताचा आदर राखूनही लिहितो, की या कामाला तो भरवशाचा नाही. ते बारा डाव रद्द समज. हात बदल, किंवा त्यांना शिकव. मग जुळेल. जुळलंच पाहिजे. सूत्रात चूक नाही, मी तीन रीतींनी काढलं आहे.

खोलीविषयी म्हणशील, तर हवा स्वच्छ दिसते ही चांगलीच खूण. सूत्राप्रमाणे सुटे कण भराभर कमी होतात. कामावर जाण्याचं मात्र डॉक्टरांना विचार, ते माझं क्षेत्र नव्हे.

नवे आकडे लवकर पाठव. मी वाट बघतो.

हरिहर


अकोला,
१० मे १९६४

आदरणीय सर,

आपल्या सूचनेप्रमाणे नवे बारा डाव झाले. सरासरी अशी:

सुटे एक्कावन्न. दोनांचे चोवीस. तिनांचे तेरा. चारांचे सहा.

कळावे.

धर्मपाल


अमरावती,
१६ मे १९६४

चि. धर्मपाल,

जुळलं! अरे, काय सुरेख जुळलं!

तुझं कार्ड हातात घेऊन मी उभ्या उभ्या दोनदा वाचलं आणि नंतर बाहेर जाऊन शेजारच्या बापूसाहेब वकिलांना सांगितलं. त्यांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण माझा चेहरा बघून त्यांनी चहा मागवला. पंधरा वर्षं मी काही छापलेलं नाही. यावर एक टिपण लिहावं असं मनात आहे. त्यावर तुझं नाव आधी, माझं मागे.

बघ, मी म्हटलं नव्हतं? हात सुधारला! मातोश्रींचं विशेष कौतुक सांग. या वयात हाताची सवय मोडणं सोपं नाही. चांगल्या विद्यार्थ्यालाही ते जमत नाही. त्यांना म्हणावं, अमरावतीच्या मास्तरांनी पहिल्या वर्गात पास केलं.

तू मात्र पत्र फार कोरडं लिहिलंस. परीक्षेचे पेपर तपासून थकला असशील. सुटी आहे तोवर त्यांना घेऊन इकडे ये. बडनेऱ्याला गाडी बदलावी लागते तेवढीच दगदग. मी स्टेशनवर येईन.

हरिहर


अकोला,
७ जून १९६४

आदरणीय सर,

सविनय जयभीम.

हात सुधारला नाही, सर. हात बदलला. ते बारा डाव शकुनचे आहेत.

आई मार्चमध्ये गेली.

मी लगेच कळवायला हवं होतं. दोनदा कागद घेऊन बसलो. पण प्रत्येक वेळी आपलं फेब्रुवारीतलं पत्र समोर यायचं आणि त्यातलं ते 'भरवशाचा नाही' हे वाक्य. आपण रागानं लिहिलं नव्हतं हे मला कळतं. आपण हाताबद्दल लिहिलं होतं, बाईबद्दल नाही. तरी पेन चालेना. शेवटी फक्त आकडे लिहिले. वाटलं, आपल्याला काही दिसेल. आपल्याला ते जुळलेले दिसले. त्यात आपली चूक नाही. जुळले होतेच.

काय झालं ते सांगतो. डॉक्टरांनी आईला जायला नको म्हटलं होतं. ती ऐकल्यासारखं करायची. फेब्रुवारीत मी आणि शकुन शाळेला गेलो की ती भागीरथाबाईबरोबर जिनात जायची आणि आमच्या आधी घरी यायची. लुगडं झटकून, हातपाय धुऊन चुलीपाशी बसलेली असायची. आम्हाला पंधरा दिवस पत्ता नव्हता. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी फार बोललो. ती म्हणाली, "अरे, पयलेवानी नाई राहिलं तिथं. नाकात काही जातच नाई. पाह्य तरी येऊन." मी म्हटलं, "मग खोकतेस काहून?" तर म्हणे, "तो जुना खोकला हाय. निंगून राहिला हयूहयू."

तिला घरी बसून खायचं नव्हतं. हे मला कळायला हवं होतं. सरक्यांचा खेळ तिला काम वाटत नव्हता. ती तो माझ्यासाठी खेळत होती.

तरी ती जातच राहिली. मार्चमध्ये एका सोमवारी तिला जिनातून भागीरथाबाई आणि आणखी दोघींनी धरून आणलं. ओठ निळे पडले होते. बसवलं तर दम लागायचा, आडवं केलं तर जास्त. मी सायकलवर डॉक्टरांकडे गेलो, ते घरी नव्हते. परत आलो तेव्हा शकुन तिच्या पाठीवर हात फिरवत होती. आईनं माझ्याकडे बघितलं. काही सांगायचं होतं, पण बोलायला हवा पुरत नव्हती. तशीच गेली. विहारातल्या भंतेंनी वंदना घेतली. जिनातल्या बायका खाडा करून आल्या होत्या.

नंतर मला एकच प्रश्न सुचत होता. हवा आरशासारखी होती, मग आईच्या छातीत गेलं काय? मी खुशालरावांना विचारलं. ते म्हणाले, "मास्तर, तुमाले पाहिजे ते करा. मी अडवत नाई." मी काचपट्ट्यांना एरंडेल लावून त्या आईच्या कामाच्या जागी आणि खोलीत शिरणाऱ्या हवेत ठेवल्या आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. सुटे किती, जोडलेले किती, मोठे गोळे किती. बरेच दिवस मोजत होतो.

सर, त्या काचांवर आपलं निम्म्यानिम्म्याचं सूत्र नाही. तिथे सुटे बारीक कण फार आहेत. जोड्या कमी. खोलीत शिरणाऱ्या हवेतल्या पट्टीवर मधूनच एखादा भलामोठा गोळा. शकुनच्या आकड्यांशी ते जुळत नाही. आईच्या आकड्यांशी जुळतं.

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिचा हात नुसता वजनाकडे जात होता. पण जिनातली हवाही तसंच करत असेल तर?

तो आकड्यांचा पहिला कागद आपण टाकून दिला असेल. असल्यास परत पाठवावा. तिच्या हाताचं तेवढंच आहे.

आपला,
धर्मपाल


अमरावती,
२ जुलै १९६४

प्रिय धर्मपाल,

कागद टाकला नव्हता. सोबत पाठवतो आहे. नक्कल मी ठेवली आहे, तुझी हरकत नसेल तर.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी कॉलेजात गेलो नाही. मी आनंदानं लिहिलेलं ते पत्र तुझ्या घरी कुठल्या दिवशी पोचलं असेल, कोणी उघडलं असेल, याचाच विचार करत होतो. "पहिल्या वर्गात पास केलं" असं मी लिहिलं. त्याबद्दल क्षमा मागावी असा शब्द मला सापडत नाही, म्हणून मागत नाही. अनुपमा गेली तेव्हा लोकांनी पुष्कळ समजुतीचं लिहिलं होतं. त्यातलं मला एकही वाक्य आठवत नाही. तेव्हा तेही लिहीत नाही.

तू विचारलंस त्याचं उत्तर देतो. माझ्याजवळ देण्यासारखं तेवढंच आहे.

कोणत्याही दोन नगांची गाठ सारख्याच शक्यतेनं पडते, असं मी धरलं होतं. धरलं, कारण तसं केलं की गणित सुटतं. ती सोय माझी होती, हवेची नव्हे. मोठा गोळा खाली येताना वाटेतल्यांना ओढून घेतो. त्याची गाठ जास्त पडणार. मग शक्यता दोन नगांच्या वजनांच्या बेरजेच्या प्रमाणात धरली. तेही सुटलं, पण त्याला तीन आठवडे गेले. नग निम्मे उरतील तेव्हा दोनशेंपैकी सुटे एकसष्ट, दोनांचे अठरा, तिनांचे आठ.

मातोश्रींची बारा डावांची सरासरी मी आज काढली. सुटे एकसष्ट, दोनांचे अठरा, तिनांचे आठ.

याचा अर्थ तुझ्या काचांनी सांगितलाच आहे. जिथे गोळा जमतो तिथेच आणखी जमतं. एका बाजूला थोडे मोठे गोळे, आणि दुसऱ्या बाजूला कोणालाही न चिकटलेली बारीक धूळ, माझ्या पहिल्या सूत्रापेक्षा कितीतरी जास्त. खोलीत गोळे बसतात. डोळ्यांना तेवढेच दिसत होते, म्हणून हवा आरसा झाली. बारीक धूळ खोलीतून तशीच बाहेर पडते, छातीत जाते. बायकांनी पदर सोडले ते त्या आरशाच्याच भरवशावर.

टिपण मी छापायला पाठवणार नाही, निदान इतक्यात नाही. आधी ते तुमच्या कारखान्याच्या मालकांसमोर वाचायला हवं. मोसम सुरू होण्याआधी मी अकोल्याला येतो. मी म्हातारा आहे, प्रोफेसर आहे, आणि माझ्या आडनावाला लोक अजून खुर्ची देतात. या कामापुरती ती घेऊ. बोलशील तू. मी शेजारी बसेन.

तुझा,
हरिहर


अकोला,
१३ डिसेंबर १९६४

आदरणीय सर,

सविनय जयभीम.

आपण ऑक्टोबरात येऊन मालकांसमोर माझ्या शेजारी बसलात, त्यानंतर लिहायला उशीर झाला. मालकांच्या निरोपाची वाट बघत होतो. तो आला. "खोलीवर खर्च झालेला आहे, हवा स्वच्छ आहे, कोणीही येऊन डोळ्यांनी पाहावं." बस, एवढंच. आपण हवा गाळायच्या जाळीच्या आराखड्याचा जो कागद दिला होता, तो खुशालरावांनी मला परत आणून दिला. म्हणाले, "मास्तर, मी दोनदा म्हणून पायलं. तिसऱ्यांदा म्हणलं तं माही नोकरी जाईन." त्यांनी आपल्या अधिकारात एवढं केलं, की मागच्या भिंतीला दोन मोठे झरोके पाडून घेतले. वारा असला की बरं असतं.

आपण इथे होतात त्या संध्याकाळी अंगणात बायका आल्या होत्या आणि आपण खडूनं जमिनीवर आकृती काढून सांगितलंत. त्या गप्प होत्या, म्हणून आपल्याला वाटलं की त्यांना समजलं नाही. मला आपण तसं म्हणालात. समजलं होतं, सर. आपण गाडीत बसल्यावर भागीरथाबाईनं मला विचारलं, "म्हंजे जे दिसत नाई, थेच मारते?"

मी म्हटलं, "हो."

"मंग आमी काय करावं? जाऊ नये का?"

आपण असतात तरी काय म्हणाला असतात? तिच्या घरी कमावणारा हात तिचाच. शेवटी शकुननं जुन्या धोतरांच्या दुहेरी पट्ट्या शिवून दिल्या. आता बहुतेक जणी त्या नाकावर बांधतात. ज्या बांधत नाहीत त्यांना भागीरथाबाई शिव्या देते. दुहेरी कापडातून किती आत जातं ते मी काचेवर मोजायला घेतलं आहे. कमी जातं. थांबत नाही.

टिपण आता छापायला पाठवा. माझी हरकत नाही. आईचं नाव कुठे घालावं असं आपण विचारलंत. जिथे आकडे कोणी मिळवले ते लिहितात, तिथे घाला. केशरबाई देवमन, अकोला. पुढे काही लावू नका.

आपण तब्येतीचं विचारलंत. मी ठीक आहे. शकुनही. संध्याकाळी कोणी ना कोणी येतं. भागीरथाबाई तर कामावरून सुटली की घरी जाण्याआधी आमच्याकडे थांबते. तिच्या घरी दोन नाती आहेत, त्यांच्यासमोर तिला धापा टाकायच्या नसतात. आमच्या ओट्यावर खांबाला टेकून बसते. शकुन पाणी घेऊन जाते. ती घेत नाही, नुसता हात वर करते, थांब म्हणून.

आम्ही थांबतो.

आपला,
धर्मपाल